शून्याकडचं टोक

प्रिय छोट्या,

तुझ्या डोक्यावरचे केस मोजायला माझी सातवीतली मुलं बसवली तर त्यांचा तास आता अर्ध्यातच सुटेल, पण मला तू छोट्याच. परवा फोनवर तू बजावलंस की भिंगरीच्या अभ्यासाचं काय ते सांग, पळण्याचं नाव काढलंस तर फोन ठेवीन. मी नुसतं 'अरे पण' म्हटलं आणि तू ठेवलासही. म्हणून हे पत्र. पत्राचं बरं असतं, मध्येच खाली ठेवलं तरी पुन्हा उचललं की तिथूनच बोलायला लागतं. आणि शब्द देते, या पत्रात मी फक्त तुझ्या लेकीच्या अभ्यासाबद्दल लिहिणार आहे. गणिताच्या तासाबाहेर पाऊल टाकलं तर माझा कान धर. लहानपणी मी तुझा जितक्यांदा धरला, तेवढी उधारी फेडायचा तुला हक्क आहेच.

तर मुलगी मजेत आहे. तू बसवतोस त्या लिफ्टा तुला एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर नाचवतात, तुझ्या बायकोच्या दवाखान्यातल्या पाळ्यांना दिवसरात्र नाही, तेव्हा पोर माझ्याकडे राहिली यात तिचं काही बिघडलेलं नाही. घरी मी आत्या आणि वर्गात बाई, हे तिनं कसोशीनं सांभाळलंय. एकदाच घोटाळा झाला. दशांश अपूर्णांक ऐन रंगात आले असताना हात वर करून म्हणाली, "आत्या, गॅस बंद केला होता का?" वर्ग हसून हसून लोळला, आणि मला मधल्या सुट्टीत घरी धाव घ्यावी लागली, कारण केला नव्हता. तेव्हापासून वर्गातली मुलं मला रोज सकाळी तेच विचारतात.

पळण्याबद्दल एकदाच लिहिते, तेही तुझेच शब्द, म्हणजे ते माझ्या खात्यावर धरू नकोस. थंडीत तिची निवड चाचणी झाली. शाळेच्या मैदानावर धावायचं, वेळ वरच्या केंद्राला कळवायची आणि ठरलेल्या वेळेच्या आत असेल तर पुढच्या शिबिराला बोलावणं, हीच तुझ्या वेळची पद्धत अजून चालू आहे. ती दोन दशांश सेकंदांनी राहिली. तू तिला फोनवर म्हणालास, "आपल्या घराण्याला थोडक्यात हुकायची सवय आहे. तू ती लावून घेऊ नकोस, बंद कर." हे वाक्य तू किती वर्षं म्हणतो आहेस, आठवतंय का? बस निघून गेली, थोडक्यात. बढती दुसऱ्याला मिळाली, थोडक्यात. नदीपलीकडचं ते घर हातचं गेलं, थोडक्यात. आम्ही सगळे हसायचो, कारण तू ते हसवायलाच म्हणायचास. तिला मात्र हसू आलं नाही. तिनं तुला पुन्हा न पळण्याचा शब्द दिला आणि बूट पिशवीत घालून कपाटावर टाकले. तुझे बूटही त्याच कपाटावर गेले होते. विषय संपला, आता अभ्यास.

यंदा मला सातवी क दिली आहे. शिक्षकांच्या खोलीत या तुकडीचं नाव निघालं की लोक चहात तोंड लपवतात. अ मध्ये हुशार, ब मध्ये बरे आणि क मध्ये उरलेले, अशी आमच्याकडची वाटणी. भिंगरी क मध्ये आली ती मध्येच प्रवेश घेतल्यामुळे, आणि मी तिला हलवलं नाही, कारण मला ही तुकडी मनापासून आवडते. यांना उत्तर पाठ नसतं, म्हणून हे विचारतात. त्यातला एक आहे, त्याला सगळे वकील म्हणतात. दोन अधिक दोन चार म्हटलं तरी तो उभा राहून 'हे कुणाच्या बाजूने धरायचं' असं विचारील. भिंगरीचं आणि त्याचं विळ्याभोपळ्याचं सख्य आहे, त्यामुळे माझा तास कधी निजत नाही.

मोजमापाचा धडा सुरू झाला तेव्हा मी फळा सोडून त्यांना मैदानावर नेलं. काम सोपं दिलं. धावण्याच्या पट्ट्याच्या दोन टोकांना जे दोन दगड पुरलेले आहेत, आपल्या वेळचेच, चुना फासलेले, त्यांच्यामधलं अंतर मोजायचं. शंभर मीटर आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तेव्हा मला अंतर नको होतं, मला त्यांच्या चुका हव्या होत्या. प्रत्येक गटाचं उत्तर थोडं वेगळं येईल, मग ते का वेगळं आलं यावर बोलू, असा माझा बेत. एका गटाला शाळेची जुनी कापडी टेप दिली, दहा मीटरची, खेळाच्या खोलीत खिळ्याला लटकते ती. दुसरी टेप नव्हतीच. तेव्हा भिंगरीनं दप्तरातून तुझी पोलादी टेप काढली, तू तिला पाचव्या वाढदिवसाला खेळणं म्हणून दिलेली. बापानं लेकीला बाहुली द्यायची की टेप, यावर तेव्हा घरात झालेलं रामायण मला आठवलं. आता ते शब्द मी मागे घेते.

शाळेच्या टेपनं मोजणारा वकिलाचा गट पटापट आटोपून आला. शंभर, अगदी दगडाला दगड. पुन्हा मोजायला लावलं, पुन्हा शंभर. भिंगरीचा गट घामाघूम होऊन आला आणि म्हणाला, एकशे दोन. वकिलाची टोळी मैदानात गडबडा लोळली. मीही मनात म्हटलं की छोट्या टेपनं पुन्हा पुन्हा मोजताना गल्लत झाली असणार. भिंगरीच्या गटानं पुन्हा मोजलं. या खेपेला दोन बोटं कमी, तिसऱ्या खेपेला चार बोटं जास्त, पण फिरून फिरून एकशे दोनच्या आसपास. वकिलानं युक्तिवाद केला की आमचं उत्तर दर वेळी तंतोतंत तेच येतं आणि यांचं हलतं, म्हणजे खरं कोण ते उघड आहे. वर्गानं टाळ्या वाजवल्या. भिंगरी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, तू मालकाशी भांडताना राहतोस तशी, आणि म्हणाली की मग टेपलाच टेपनं मोजू.

मोजली. आणि इथे मजा झाली, छोट्या. दोन्ही टेपा जुळल्या. कापडी टेपचे दहा मीटर म्हणजे पोलादी टेपचे दहा मीटर, नखाएवढाही फरक नाही. टेप खरी, मोजणारे प्रामाणिक, दगड जागचे हललेले नाहीत, आणि तरी दोन उत्तरं. तास संपल्याची घंटा झाली तर सातवी क मैदानावरून हलेना. अशी घटना शाळेच्या इतिहासात घडलेली नाही. शिपाईमामा बघायला आले की कुणाला लागलंबिगलं तर नाही ना.

पुढचे कितीतरी दिवस त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. उन्हानं कापड ताणतं इथपासून मैदान मधून फुगलंय इथपर्यंत तर्क झाले, आणि प्रत्येक तर्क त्यांनी स्वतःच तपासून निकालात काढला. मी उत्तर सांगितलं नाही, कारण मलाही माहीत नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा वकील फार खूश झाला. या सगळ्या धावपळीत मी एक बघत होते. खुंट्या आणायला, टेपचं टोक पकडायला, पोरं मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाला धूम ठोकायची. भिंगरी चालत जायची. भराभर, हात हलवत, पण चालत. तुला दिलेला शब्द तिनं मैदानावर एकदाही मोडला नाही. पण हे अभ्यासाबाहेरचं झालं, खोडून टाक.

शेवटी तिनंच सांगितलं की ज्यांनी ते दगड पुरले त्यांना विचारू. म्हणजे आपले खेळाचे सर. ऐंशीच्या घरात आहेत, काठी घेऊन चालतात, पण आवाज अजून तोच, शिटीची गरज नसलेला. मी जाऊन विनंती केली. कडक इस्त्रीचा सदरा घालून आले. पोरांसमोर टेप हातात घेतल्यावर त्यांची पाठ ताठ झाली. तेव्हा कसं मोजायचे ते त्यांनी करून दाखवलं. टेपच्या टोकाला पितळी कडी आहे ना, ती एकदा तुटली होती, म्हणून सरांनी ती चामड्याची मजबूत पट्टी लावून परत बसवून घेतली होती. दगडाशी खुंटी ठोकायची, कडी खुंटीत अडकवायची, टेप ताणायची, दहावर दुसरी खुंटी. मग कडी दुसऱ्या खुंटीत. म्हणजे एकट्या माणसालाही मोजता येतं, कुणी टोक धरायला नको. सर ही युक्ती अभिमानानं सांगत होते आणि वकिलाचा गट माना डोलावत होता, कारण तेही असंच करत होते. कडी आहे म्हटल्यावर खुंटीत अडकवणार नाही तर काय करणार?

सगळी पोरं दहाच्या आकड्याकडे बघत होती. भिंगरी पालथी पडून खुंटीकडे बघत होती. मग ती तशीच पडल्यापडल्या म्हणाली, "सर, शून्य खुंटीपाशी नाहीये."

नव्हतंच. टेपवरचं शून्य चामड्याची पट्टी संपते तिथे सुरू होतं. खुंटी आणि शून्य यांच्यामध्ये कडी आणि पट्टी मिळून वीतभर जागा, जी कुणीच मोजली नव्हती. एकदा वीतभर, काही बिघडत नाही. पण कडी दर वेळी नव्या खुंटीत जाते आणि दर वेळी वीतभर जमीन फुकट गिळते. थेंबे थेंबे तळे साचे, असं वकील म्हणाला आणि लगेच त्यानं हिशेब केला. दहा विती म्हणजे दोन मीटर. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुला मी हे वेगळं समजावायला नको. लिफ्टच्या खांबाला प्रत्येक मजल्यावर केसभर फरक पडला तर वरच्या मजल्यावर दार उघडत नाही, हे तूच मला सांगितलं होतंस.

त्या दिवशी वर्गात मी फळ्यावर एकच गोष्ट लिहिली आणि ती त्यांच्याच तोंडून आली होती. भिंगरीच्या गटाची चूक कधी इकडे व्हायची कधी तिकडे, म्हणून ती आपापसात फिटायची. वकिलाच्या गटाची चूक दर वेळी एकाच बाजूला, म्हणून ती साठत गेली. आणि तेच उत्तर पुन्हा पुन्हा येतं म्हणून ते खरं, असं नसतं. कधीकधी मोजायची रीतच चुकलेली असते. अ तुकडीला मी हे वर्षानुवर्षं शिकवते आणि ते छान लिहून घेतात. क तुकडीनं ते मला शिकवलं. मी त्यांना तसं सांगितलं.

आता प्रयोगशाळेजवळच्या भिंतीवरचा तो फलक. वकिलाला तो आठवणारच होता. शाळेचे विक्रम, शंभर मीटर, त्यापुढे तुझं नाव आणि वेळ. रंग तीनदा दिला, नाव तेच राहिलं, कारण तुला अजून कुणी मागे टाकलेलं नाही. वकिलानं उभं राहून विचारलं की जर पट्टा एकशे दोन मीटरचा होता, तर भिंगरीचे बाबा शंभर मीटर किती वेळात पळाले? मी खडू खाली ठेवला. हे त्रैराशिक मला सोडवायचं नव्हतं. भिंगरी पुढे आली आणि तिनं फळ्यावर मांडलं. नीट, पायरी न गाळता, दशांशचिन्ह जागच्या जागी. उत्तर आलं आणि त्याखाली तिनं ती वेळ लिहिली, जिच्या आत तू त्या वर्षी यायला हवा होतास. ती वेळ तिला कुणी सांगितली मला माहीत नाही. तू एका दशांशानं राहिला होतास. फळ्यावरच्या हिशेबात तू आत होतास, आणि काठावर नव्हे, चांगला आत. घड्याळ हातानं चालवलेलं होतं, बोटाला उशीर होतो, म्हणून वर्गानं बराच वाद घालून 'नक्की' खोडलं आणि 'बहुधा' लिहिलं. मला त्या 'बहुधा'चा सगळ्यात जास्त अभिमान वाटला. मग वकिलानं हळूच तिला विचारलं, "आणि तुझं?" ती म्हणाली, "आधी बाबांचं होऊ दे." आणि जागेवर जाऊन बसली. तिनं स्वतःचं अजून मांडलेलं नाही.

पुढच्या बातम्या भराभर सांगते. हा सगळा उद्योग त्यांनी शाळांच्या प्रदर्शनात मांडला. तीच टेप, तीच कडी, एक खुंटी आणि वकिलाची अखंड बडबड. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते आधी टेबलाची लांबी मोजायला लावत, आणि एकूणएक पाहुण्यांनी, त्यात परीक्षक आले, कडी खुंटीत अडकवली. सहावी ते आठवीच्या गटात सातवी क पहिली आली. अ तुकडी नाही, क. मुख्याध्यापिकाबाई आधी फलकाला हात लावायला तयार नव्हत्या, उगाच जुनी मढी कशाला उकरायची म्हणत होत्या. बक्षीस आल्यावर त्यांनीच मुलांना विचारलं की फलकाचं काय करू या. पोरांनी एका तासात ठरवलं. वेळ बदलायची नाही, ती घड्याळानं दिलेली आहे. अंतर खरं लिहायचं. म्हणजे तुझ्या नावापुढे तुझीच वेळ राहील, फक्त शंभरच्या जागी एकशे दोन येईल. पण ज्याचं नाव आहे त्याला विचारल्याशिवाय रंगाऱ्याला बोलवायचं नाही, हेही त्यांनीच ठरवलं.

बघ, शब्द पाळला की नाही? सगळा अभ्यासच लिहिला. आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते सांगते, कारण प्रदर्शनाची बातमी फोनवरही सांगता आली असती. त्या दिवशी मैदानावर, पोरं हिशेबात दंग असताना, सर खुंटीजवळ तसेच उभे होते. मला म्हणाले, "तुझ्या भावाला मी सांगितलं होतं, पोरा, तू थोडक्यात कमी पडलास. ते वाक्य मला परत घ्यायचंय. त्याच्यासमोर." छोट्या, तू कमी पडला नव्हतास. जमीन जास्त होती. तू ज्याला आपल्या घराण्याची सवय म्हणत आलास, ती एक वीतभर चामड्याची पट्टी होती, आणि ती मी आत्ताच कात्रीनं कापून पाकिटात घातली आहे, सरांच्या आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या परवानगीनं. बस, बढती आणि घर यांचा हिशेब मी लावू शकत नाही, ते तुझं तू बघ. पण तिची थंडीतली चाचणी याच पट्ट्यावर झाली होती. केंद्राला आम्ही सगळं कळवलं, त्यांनी फेरचाचणी मान्य केली. येत्या शनिवारी सकाळी पट्टा नव्यानं आखायचा आहे आणि मग धावायचं आहे. पालक म्हणून मी हो म्हणू शकते, कागदोपत्री तो अधिकार मला आहे, पण म्हणणार नाही. तो होकार तुझाच हवा, नाहीतर ती चालतच राहील. मी तिला काल विचारलं की बाबांना काय लिहू. मला वाटलं, म्हणेल, बूट काढू का विचार. तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, "पट्टा मोजताना शून्याकडचं टोक बाबांनी धरायला हवं. बाकी कुणी धरलं तर मी परत मोजीन." शनिवारी ये.

वाट बघणारी, तुझा कान अजून न विसरलेली,
तुझीच,
ताई